एल्वेड मॅडॉकच्या हिरड्या

नेरिस प्रॉबर्टला आमच्या पाँटवर्न ह्या खाणीच्या गावातल्या एकाही माणसाचे दात पसंत नव्हते. रस्त्यात कुणी थांबून "काय गं नेरिस, बरी आहेस ना?" म्हणालं, तर ती त्याच्या डोळ्यांकडे बघायचीच नाही. नजर थेट ओठांच्या आत. समोरचा बिचारा आपली गुडघेदुखी सांगत असायचा आणि ही मनात म्हणत असायची, खालचे समोरचे हलतायत, कीटण चढलंय थराथरानं, आणि स्वारी निघाली आहे केक आणायला! घरी आली की आईपुढे सगळ्या गल्लीचा पंचनामा.

"त्या बेकरीतल्या रोनवेनला बघितलंस? हसते काय, दाखवते काय! मी तर तसलं तोंड घेऊन उंबऱ्याबाहेर पडले नसते."

तिची आई एलुनेड विणकामातून मान वर न करता म्हणायची, "तू चांगलं तोंड घेऊनही हसत नाहीस गं. मग उपयोग काय?"

एलुनेडच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. विसाव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा तिच्या बापानं आहेर म्हणून तिचे सगळे दात काढवून तिला कवळी करून दिली होती. त्या काळी आमच्या दरीत असंच चालायचं. नवऱ्याला पुढे दातांचा खर्च नको, पोरीला बाळंतपणात ठणका नको, आणि लग्नाच्या फोटोत पांढरीशुभ्र रांग. चांगले धडधाकट दात असायचे हो, तरी काढायचे! कुणाचा मुलगा वयात आला, कुणाला खाणीत मुकादमी मिळाली, की नवा सूट, नवे बूट आणि नवे दात. एलुनेड अजून छाती पुढे काढून सांगायची, "अख्खं चॅपल माझ्याकडे बघत राहिलं होतं." नेरिसनं लहानपणापासून ती कवळी पेल्यात बघितलेली. आजोबानं लेकीला आहेर नव्हे, पांगळेपण दिलं, असं तिचं म्हणणं, आणि हे ती आईला जेवतानासुद्धा सुनावायला कमी करत नसे.

कॉलेजात जायच्या आधी नेरिस मिस्टर हॅविलंडच्या दवाखान्यात मदतनीस होती. तो खुर्चीच्या एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला थुंकी ओढणारी नळी धरून. अशी तिची तरुणपणाची सगळी वर्षं गेली. हॅविलंड हा मोठा ऐदी माणूस. दात वाचवायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. वेळ फार लागतो ना! पकड हातात आली की गडी खुलायचा. लोक त्याला "साहेब, साहेब" करत, नाताळात बाटल्या आणून देत, आणि नेरिस नळी धरून मनात म्हणायची, ह्याच्यापेक्षा आमच्या गल्लीतला लोहार बरा, तो निदान घोड्याला विचारून तरी काम करतो.

आणि मग चाळिशी ओलांडल्यावर बाईनं जाहीर केलं की मी पदवी घेणार. दातांची स्वच्छता आणि उपचार ह्या विषयाची, तीन वर्षांची. म्हणजे कीटण काढायचं, हिरड्या बऱ्या करायच्या, किडलेलं भरायचं, पोरांच्या दुधाच्या दाढा काढायच्या. पुरी डॉक्टर नव्हे, पण नळी धरणारीही नव्हे. हॅविलंडला हे ऐकून इतकं हसू आलं की त्याला चष्मा पुसावा लागला.

"अर्धी डॉक्टर होणार म्हण की! जा, जा बाई. जमलं नाही तर ये परत. तुझी नळी कुठे जात नाही, ठेवतो टांगून."

त्या टांगलेल्या नळीनं नेरिसची झोप उडवली. तीन वर्षं ती रोज सकाळची बस पकडून दरी उतरून शहरात जात होती, ती पदवीसाठी कमी आणि त्या माणसाच्या दारात परत उभं राहायला लागू नये म्हणून जास्त.

कॉलेजात तिच्याबरोबर सगळ्या कोवळ्या पोरी. दात आणखी पांढरे करून घेतलेल्या, पापण्या चिकटवलेल्या, दुपारी डब्यात गाजराच्या काड्या खाणाऱ्या. नेरिसच्या मते त्यांतल्या एकीनंही खरं आजारी तोंड बघितलेलं नव्हतं. पहिल्या रुग्णाचा वास आल्यावर एक पोर रडत बाहेर पळाली, तर ही मोठ्यांदा म्हणाली, "मग फुलांचं दुकान काढायचं होतंस!" त्यानंतर तिच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं, आणि तिनं त्याची फिकीर केली नाही.

काम मात्र तिला येत होतं, ते नाकारून चालणार नाही. सुरुवातीला रबरी गालांच्या बाहुल्यांवर शिकवतात, तिथे तिचा हात सगळ्यांत स्थिर. बाहुल्यांचं एक बरं होतं, त्या बोलत नव्हत्या. पुढे जिवंत माणसं खुर्चीत बसायला लागली तेव्हा शिकवणाऱ्या फिलिपा ऑर्मबाईंनी तिला एकदा बाजूला घेतलं.

"हात छान आहे तुझा, नेरिस. पण तू रुग्णाशी बोलत नाहीस, रुग्णाला बोलतेस. अगं, घाबरून जातात ती माणसं."

"घाबरली तर ब्रश करतील," नेरिस म्हणाली.

ऑर्मबाईंनी हात टेकले. नेरिसला वाटलं, आपण जिंकलो.

शेवटच्या वर्षाचा सगळा डाव एका माणसावर असतो. प्रत्येकीनं एक रुग्ण घ्यायचा, हिरड्या पार बिघडलेला, आणि त्याला पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत एकटीनं बरा करायचा. साफसफाई संपली की तीन महिने थांबायचं, कारण हिरडीला भरून यायला तेवढा वेळ लागतो. मग बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर त्याला खुर्चीत बसवायचं, पुन्हा मोजमाप घ्यायचं, आणि दाखवायचं की बघा, असा होता, असा झाला. रुग्ण आला नाही, मध्येच पळाला, तर ती केस मोडली, वर्ष पुन्हा. नेरिसकडे दुसरं वर्ष काढायला ना बळ होतं ना गाठीला काही. केस मोडली की हॅविलंडची नळी, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तिच्या वाट्याला आला एल्वेड मॅडॉक. आमच्याच गावचा, सत्तरीतला, विधुर. तरुणपणी खाणीत खाली उतरायचा. छाती बिघडल्यावर वर, खाणकामगारांचे दिवे सांभाळायच्या खोलीत काम दिलं, म्हणून गाव त्याला दिवेवाला एल्वेड म्हणायचं. खाली विडी ओढायची बंदी, त्यामुळे खाणीतले सगळे तंबाखू चघळत. ती सवय खाण बंद पडली तरी सुटली नाही, आणि त्यात भर म्हणून चॅपलमध्ये प्रवचन संपेपर्यंत गालात पेपरमिंट. नेरिसच्या बापाबरोबर त्यानं काम केलेलं. कॉलेजात फुकट उपचार होतात म्हणून तो आला, आणि समोर नेरिसला बघून खूश झाला.

"अगं, तू तर आमच्या ग्विलिमची पोर! मग काय, आपण घरच्याच हातात पडलो."

"इथे मी कुणाची पोर नाही, मिस्टर मॅडॉक. तोंड उघडा."

तिनं तोंडात बघितलं आणि तिला मनातून आनंदच झाला. इतकं वाईट तोंड वर्गात कुणाला मिळालं नव्हतं. हिरड्या सुजून जांभळ्या, बोट लावलं की रक्त, दाताच्या मुळापाशी हिरडीची खोली मोजायची बारीक मोजपट्टी खोल खोल जात होती. पण दात खाली घट्ट होते, खाणकामगाराच्या हाडापेराचे. हे वाचवता येणार होते.

मग तिनं त्याला गुलाबी गोळी चघळायला लावली. त्या गोळीनं दातांवरची घाण रंगते. आरसा हातात दिला.

"बघा. गुलाबी दिसतंय ना? ती सगळी घाण आहे."

म्हाताऱ्यानं बघितलं. "सगळंच गुलाबी दिसतंय की गं."

"मग सगळीच घाण आहे. सत्तर वर्षं हे तोंडात घेऊन हिंडताय तुम्ही. बायकोनं काही म्हटलं नाही कधी?"

पलीकडच्या खुर्चीवरच्या पोरीनं मान वळवून बघितलं. एल्वेडनं आरसा खाली ठेवला आणि म्हणाला, "ती तशी कमी बोलायची."

दुसरा कुणी असता तर परत तोंड दाखवलं नसतं. हा माणूस मात्र दर खेपेला बस पकडून आला, आणि दर खेपेला दाढी करून आला. नेरिसनं दातांच्या फटीत घालायचे ते चिमुकले ब्रश दिले, तर त्यानं ते मोरीजवळ ओळीनं मांडून ठेवले. तंबाखू सोडली. चॅपलमध्ये पेपरमिंटचा डबा पुढे आला की तो मान हलवायचा आणि लोक एकमेकांकडे बघायचे.

"रोज करतो हं," तो खुर्चीत बसता बसता सांगायचा. "रेडिओवर बातम्या लागल्या की सुरू करतो, संपेपर्यंत."

"तुमच्याकडच्या बातम्या फारच लहान असणार," नेरिस म्हणायची.

तो हसायचा, ओठ मिटून. उघड्या तोंडानं हसायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं, तिच्यासमोर तरी.

हिवाळाभर तिनं त्याच्या हिरड्या बधिर करून, एका वेळी तोंडाचा एकेक कोपरा घेऊन, मुळांपर्यंत साफ केल्या. शेवटच्या खेपेला मोजपट्टी फिरवली आणि तिच्या काळजानं उडी मारली. सूज पार उतरलेली. रंग फिका गुलाबी. रक्त कुठे एखाद्या ठिकाणी, तेही नावाला. अजून तीन महिने मिळाले की हे तोंड परीक्षकासमोर ठेवून कमरेवर हात ठेवून उभं राहावं! बाईला गाणं म्हणावंसं वाटलं. आणि तिनं काय म्हणावं?

"मागच्या दाढांना अजून चिकटलेलं आहे. लाज वाटायला पाहिजे."

आता तुम्ही म्हणाल, हा काय दुष्टपणा. पण आमच्याकडे कौतुक हे विषासारखं मानतात. कौतुक केलं की माणूस सैल पडतो, पोर शेफारते, हे नेरिस आईच्या मांडीवर शिकली होती. म्हाताऱ्याला, हिरड्या बऱ्या होतायत, असं सांगितलं असतं तर तो बातम्या सोडून झोपला असता, अशी तिची खात्री. म्हणून तिनं वर आणखी फोडणी दिली.

"आणि ऐका, तीन महिन्यांनी परीक्षा आहे. लंडनहून मोठा माणूस येणार आहे, तुमच्या तोंडात बघायला. माझं सगळं आयुष्य टांगलेलं आहे त्या दिवसावर. असलं तोंड घेऊन आलात तर माझी मान खाली जाईल. कळलं ना?"

"मोठा दिवस म्हणायचा," एल्वेड म्हणाला.

"मोठाच. काय वाटेल ते करा, पण माझी लाज काढू नका."

"नाही काढणार, पोरी." त्यानं टोपी घेतली, आणि दारातून परत वळून म्हणाला, "ग्विलिमला फार बरं वाटलं असतं, तुला इथे बघून."

नेरिस हत्यारं गोळा करत होती. तिनं मान हलवली.

ते तीन महिने तिनं अभ्यासात काढले. एलुनेड एकदा म्हणाली, "एल्वेड दोन रविवार चॅपलला आला नाही. शेजारीण म्हणते, गाल बांधून बसलाय. थंडी बाधली म्हणे."

"गालात थंडी?" नेरिस पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "ह्या गावात थंडीसुद्धा अडाण्यासारखी होते."

आणि तेवढ्यावर ते राहिलं. उठून चार घरं पलीकडे जाऊन बघून यावं, असं तिच्या मनातही आलं नाही. खुर्चीबाहेर रुग्णाशी तिचं काय काम?

परीक्षेच्या दिवशी एल्वेड वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसलेला. काळा सूट, जो आमच्याकडे लग्नाला आणि मयताला एकच असतो, ताठ गळपट्टी, केसांना तेल. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळे नुसते चमकत होते. नेरिसनं त्याला खुर्चीत घेतलं. परीक्षक लेथब्रिज नावाचे, उंच, शांत गृहस्थ होते. ते एका बाजूला, ऑर्मबाई दुसऱ्या बाजूला. नेरिसनं पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं. कसा आला, किती बिघडलं होतं, काय केलं, शेवटच्या खेपेला किती सुधारणा. लेथब्रिज मान डोलवत होते. "उत्तम. फारच उत्तम. बघू या आता."

"तोंड उघडा, मिस्टर मॅडॉक."

आणि एल्वेड मॅडॉक हसला. मोकळेपणानं, अगदी दाढांपर्यंत. दोन्ही रांगा पांढऱ्याफेक, एकसारख्या, शिंपल्याच्या बटणांसारख्या.

नेरिसच्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली.

"कशी आहे?" तो म्हणाला. कवळी अजून नीट बसलेली नव्हती, शब्दागणिक कट् कट् वाजत होती. "हॅविलंडकडून करून घेतली. वरचे एका आठवड्यात काढले, खालचे पुढच्या. तो म्हणाला, शहाणपणा केलात, हे आधीच करायचं होतं. आणि थांब, थांब," म्हणून त्यानं खालची काढून हातात घेतली आणि बोटानं बोडकी हिरडी दाबून दाखवली. "हे बघा, साहेब. रक्ताचा थेंब नाही."

ऑर्मबाईंनी तोंडावर हात धरला होता.

"कुणी सांगितलं काढायला?" नेरिस म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच की गं. मोठा दिवस आहे म्हणालीस. काय वाटेल ते करा, पण लाज काढू नका म्हणालीस." तो जरासा गोंधळला, मग लेथब्रिजसाहेबांकडे वळला. त्याला वाटलं, पोरीवर काही बालंट येतंय. "हिला काही म्हणू नका हं साहेब. फार चांगली शिकलेली आहे. दर वेळी सांगायची की घाण आहे, घाण आहे, लाज वाटली पाहिजे. खरंच सांगायची. तेच तोंड घेऊन तुमच्यासमोर कसा आलो असतो? आमच्यात अशा दिवसाला नवे दात करतातच. माझ्या बायकोनं लग्नाला केले होते."

लेथब्रिजसाहेबांनी पेन खिशाला लावलं. फार सौम्यपणे म्हणाले, "मिस प्रॉबर्ट, मोजायला काही उरलेलं नाही. केस पूर्ण झाली असं मला म्हणता येणार नाही." मग विचारलं, "शेवटच्या खेपेला रुग्णाला त्याची सुधारणा समजावून सांगितली होती का तुम्ही?"

नेरिसला खोटं बोलता आलं असतं. पण तिला तो प्रश्न, ते साहेब, काहीच ऐकू येत नव्हतं. ती म्हाताऱ्याकडे बघत होती, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"अहो, बऱ्या होत होत्या त्या!" ती ओरडली. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचं काम थांबलं. "हिरड्या बऱ्या होत होत्या तुमच्या! सूज गेली होती, रक्त थांबलं होतं. तुम्ही ते ब्रश इतके नीट फिरवत होतात… वर्गात कुणाचा रुग्ण इतका सुधारला नाही, कुणाचाही नाही!"

एल्वेडच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, नव्या दातांसकट, आणि मागून हळूहळू चेहरा बदलत गेला.

"माझे दात?" तो म्हणाला. "ते राहिले असते?"

"हो."

"किती?"

"सगळे."

त्यानं हातातली खालची कवळी बघितली. ती परत तोंडात बसवायचा प्रयत्न केला. ती नीट बसेना, म्हणून त्यानं ती काळ्या सुटाच्या खिशात ठेवली. गाल आत गेले आणि तो एकदम फार म्हातारा दिसायला लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर नेरिसला झेलता आला असता. त्यानं तिला नुसतं विचारलं, एखाद्या लहान मुलानं विचारावं तसं.

"मग बोलली का नाहीस, पोरी?"